ओसाकाचा खंदक आणि आमच्या दोन चरी

गेल्या वर्षी आमच्या गावानं आपल्याच गायरानावर दोन चरी खोदल्या. टिकास-फावड्यानं, घरची भाकर खाऊन, कोणाची मजुरी न घेता. यंत्र अडवायला माणसांना जमिनीत खड्डे करावे लागतात, ही लाज गावाची नाही. ज्यांनी यंत्र पाठवलं त्यांची आहे.

देवळीच्या रस्त्यावरून आमच्या गावाची पांदण, म्हणजे गाडीवाट, गायरानाकडे वळते तिथं पहिली चर. ती ओलांडली की आखर, म्हणजे सकाळी गुरं जमतात आणि पोळ्याला बैल उभे राहतात ते मोकळं मैदान. आखराच्या पलीकडे दुसरी चर. तिच्या मागं तळं, आणि तळ्याच्या पाळीला चिकटून मुरमाचं टेकाड. मुरूम खणणाऱ्या ठेकेदाराला ते टेकाड हवं होतं. टेकाड गेलं की पाळ उघडी पडणार, पाळ उघडी पडली की एका पावसात तळं वाहून जाणार, आणि आमच्या विहिरींत जे काही पाणी असतं ते त्या तळ्याच्या जिवावर असतं. हे समजायला इंजिनिअर लागत नाही. ग्रामसभेनं नाही म्हटलं. तरी जेसीबी आला. ठेकेदाराच्या मॅनेजरनं परवान्याचा कागद हवेत हलवून दाखवला, वाचायला दिला नाही. तेव्हा आम्ही खोदलं. पत्रकं मी लिहिली. त्यांत उद्गारचिन्हं फार असतात असं माझे बाबा म्हणतात. असू देत.

त्याच उन्हाळ्यात वर्ध्याच्या जपानी बौद्ध स्तूपावर जपानहून एक म्हातारा पाहुणा आला होता. त्याला आजूबाजूची गावं दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्याकडे स्कूटी होती आणि नोकरी नव्हती. आमच्या आखरावर आल्यावर तो चरीच्या काठाकाठानं चालत गेला, वाकून आत पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "पानी के लिए?"

"दुश्मन के लिए," मी म्हटलं.

मला वाटलं हसेल. तो खाली बसला, काडी घेतली आणि मातीत एक चौकोन काढला. त्याभोवती एक रेघ, तिच्या बाहेर आणखी एक. तो ओसाकाचा होता. तो चौकोन म्हणजे त्याच्या शहरातला किल्ला.

त्यानं सांगितलं ते थोडं, बाकीचं मी नंतर वर्ध्याच्या वाचनालयात बसून वाचलं. साधारण चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. साध्या पायदळ शिपायाच्या घरातला एक माणूस लढत लढत सगळ्या जपानचा मालक झाला आणि त्यानं हा किल्ला बांधला. त्याच्या तटात एकेक दगड असा की आमच्या ग्रामपंचायतीची भिंत त्यापुढं आडवी पडावी. तो मेला तेव्हा वारस लहान होता. त्याच्याच दरबारातल्या एका जुन्या मुरलेल्या सरदारानं मोठी लढाई जिंकून सत्ता आपल्या घरात नेली. वारस आणि त्याची आई मात्र किल्ल्यात राहिले. पोरगा जवान झाला. म्हाताऱ्या सरदाराला ते खुपत होतं. एका हिवाळ्यात त्यानं प्रचंड फौज आणून वेढा घातला. आत बिनधन्याचे सामुराई हजारोंनी जमलेले. त्यांनी तटावरून, खंदकाआडून असा मार दिला की बाहेरची फौज थिजून बसली. मग म्हाताऱ्यानं तोफा आणल्या. एक गोळा आईच्या महालात पडला, तिच्या जवळच्या बाया मेल्या. आई तहाला तयार झाली.

तहात काय ठरलं? कोणी गादी सोडायची नाही, कोणाला शिक्षा नाही. फक्त बाहेरचा खंदक बुजवायचा. तो वेढा घालणारे बुजवून देणार. आतला खंदक तुमचा, तो थोडा उथळ करायचा तर तुम्हीच, तुमच्या सवडीनं. वेढा घालणाऱ्यांनी बाहेरचा बुजवला आणि हात झटकून म्हणाले, तुमचं काम हळू चाललंय, थोडी मदत करतो. आतलाही बुजवला. किल्ल्यातून निरोप गेले, तक्रारी गेल्या. उत्तर आलं की अधिकाऱ्यांचा गैरसमज झाला. पुढच्या उन्हाळ्यात फौज परत आली. आता किल्ल्याभोवती खंदकच उरला नव्हता, म्हणून आतल्यांना उघड्या मैदानात जाऊन लढावं लागलं. किल्ला जळाला. आई आणि मुलगा आतच मेले. आज तिथं सिमेंटचा मनोरा आहे, त्यात लिफ्ट आहे, लोक तिकीट काढून वर जातात.

मला ही गोष्ट वाचून राग आला. वेढ्याचा नाही, वेढा घालणारा तर शत्रूच होता. मदतीचा आला.

पोळा दोन दिवसांवर आला तेव्हा मॅनेजर ग्रामपंचायतीच्या ओसरीवर पेढे घेऊन आला. बैल आखरावर येणार कसे, पांदणीवर तर चर आहे. "सणाले आडवं नाई याचं आपल्याले," तो म्हणाला. "बाहेरची चर आमचा जेसीबी बुजवून देते. तुमचे लोक सोयाबीनात निंदून राह्यले, काऊन हाल करून घेता? पोळा झाला का खोदा पुन्हा, आम्ही काई म्हणत नाई."

सरपंचबाईंनी पेढा हातात धरला होता, खाल्ला नव्हता. "फक्त बाहेरची ना?"

"फक्त बाहेरची, ताई. माह्यी जबान."

मी उभी राहिले आणि ओसाका सांगितलं. सगळं. खंदक, तोफ, मदत, गैरसमज. लोकांनी शांतपणे ऐकलं, आमच्या गावात गोष्ट मध्येच कोणी तोडत नाही. संपल्यावर मोठे बाबा बोलले. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पोळ्याची मानाची जोडी त्यांच्या घरची, म्हणजे आखरावरचं आंब्याच्या पानांचं तोरण त्यांच्याच बैलांनी तोडायचं.

"गोष्ट चांगली हाय," ते म्हणाले. "पण त्याहीच्यात पोळा नव्हता भरत."

सगळे हसले. मॅनेजर सगळ्यात मोठ्यानं.

"चर बुजवायचीच असेल तर आपून बुजवू," मी म्हटलं. "आपल्या हातानं. यंत्र आत घेऊ नका."

"कोण बुजवते? तू?" मागून एक काकू ओरडली. "परवा पुरण शिजवाचं का माती वढाची? बोलणं सोपं हाय, बाई!"

तिचं खोटं नव्हतं. घराघरात बैलांच्या झुली, बेगडं, शिंगांचा रंग, आणि वरून शेतात गवत. ठरलं की बाहेरची चर जेसीबी बुजवेल. कागद करा म्हणून मी ओरडले, तर सणाच्या तोंडी कागद कशाला म्हणाले. पेढे वाटले गेले. मी घेतला नाही, त्यानं काय फरक पडणार होता.

आदल्या संध्याकाळी मोठे बाबांच्या गोठ्यात बैलांचे खांदे शेकले. लोणी-हळद लावून, पळसाच्या पानानं. मोठे बाबांनी बैलाच्या कानाशी वाकून दरवर्षीचं आवतन दिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी दारात उभी होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तोंड वाकडं नको करू. पाहुणा हाय बैल उद्या. त्याच्यासमोर भांडण नाई."

पोळ्याच्या सकाळी माणसं बैल घेऊन नाल्यावर धुवायला गेली होती. मी सरपंचबाईंना घेऊन आखरावर गेले. जेसीबीनं बाहेरची चर बुजवून, वरून चाकं फिरवून दाबलीसुद्धा होती. काम चोख. आणि ते यंत्र परत न फिरता आखर ओलांडून सरळ आतल्या चरीकडे निघालं होतं.

मी धावले. त्यानं एका टोकाची माती आत लोटली होती. मी मातीच्या ढिगावर चढले तेव्हा बादली माझ्या डोक्यापेक्षा वर होती आणि तिच्यातून गोटे गळत होते. ड्रायव्हर माझ्याच वयाचा. त्यानं इंजिन बंद केलं नाही, नुसतं खिडकीतून डोकं काढलं.

"हट ना वो बाई! मले चर बुजवाले सांगतलं."

"कोणती चर?"

"मले का मालूम? दिसते ते बुजव म्हणे."

सरपंचबाईंनी मॅनेजरला फोन लावला. मी शेजारीच होते, मला त्याचा आवाज ऐकू येत होता. "अरे ताई, पोराचा गैरसमज झाला असन. पण आता आलाच हाय मशीन, तर होऊन जाऊ द्या ना. मी येतो, पोलीस घेऊन येतो, तुमाले तरास नाई होणार."

गैरसमज. तोच शब्द. भीतीपेक्षा चीड जास्त होती की ही माणसं नवी लबाडीही शोधत नाहीत. सरपंचबाई ढिगावर चढून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. नवं लुगडं चिखलात.

दुपार कलायच्या आत मॅनेजर आला, पोलीसही आले. दोनच होते, आणि त्यांना इथं यायचं नव्हतं हे तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात पांदणीकडून घुंगरं ऐकू आली. गाव बैल घेऊन येत होतं, पुढं मोठे बाबांची जोडी. मी ओरडले, "मोठे बाबा! बैल इथं आणा! मशीनसमोर उभे करा! सगळे!"

ते थांबले. त्यांच्यामागं सगळं गाव थांबलं.

"काय म्हणते?"

"बैलांची भिंत करा. आज बैलावर कोणी यंत्र घालणार नाही."

"पोरी," ते म्हणाले, आणि आवाज चढला नाही म्हणून जास्त लागला, "आजच्या दिवशी बैलाले कामाले लावतं? वर्षभर वढते तो. एक दिवस जू नाई, एक दिवस तुतारीची टोचणी नाई. त्याले आवतन देऊन बलावलं, अन् राखणीले उभा करू?"

"तळं जाऊन राह्यलं, मोठे बाबा!"

"दिसते मले."

"मग?"

मॅनेजर ड्रायव्हरकडे पाहून हात हलवत होता, चालू दे, चालू दे. ड्रायव्हर बैलांकडे पाहत होता. त्या क्षणी मला मोठे बाबांचा इतका राग आला की आजही आठवला तर कानशिलं तापतात. नियम पाळून मरायचं असेल तर किल्ल्यातल्यांनी तेच केलं होतं.

मोठे बाबांनी कासरा भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात दिला आणि पोरांना म्हणाले, "तोरणाच्या बल्ल्या कुठी हायेत? इकडं आणा. यंदा तोरण चरीजवळ बांधा."

"इथं?" पोरं गोंधळली. "दरवर्षी तं मधात—"

"आखर आपला हाय. कुठी बांधाचं थे आपून ठरवू."

बल्ल्या रोवल्या गेल्या, एक चरीच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, जेसीबीच्या नाकासमोर. आंब्याच्या पानांचा दोर ताणला. आमच्याकडे मानाच्या जोडीनं तोरण तोडेपर्यंत त्याच्या पुढं कोणी जात नाही. माणूस नाही, बैल नाही, गाडी नाही. एका वर्षी आमदार आले होते, तेही ताटकळले होते. बैल चरीकडे पाठ करून आपल्या आपल्या जागी तोरणाखाली उभे राहिले. कामाला नाही, सणाला. एक पोलीस टोपी काढून बैलांच्या पाया पडला.

मॅनेजर तणतणत मोठे बाबांकडे आला. "काका, लवकर तोडा तोरण, आमचं डिझेल जळून राह्यलं."

"पूजा होईन. झडत्या होतीन. मंग पाहू."

"किती झडत्या?"

"जेवढ्या सुचतीन तेवढ्या."

आखरावर म्हणायच्या त्या गमतीच्या आरोळ्यांना आमच्याकडे झडत्या म्हणतात. त्या बापई माणसं म्हणतात. बाई म्हणत नाही. मी ढिगावरूनच म्हटली, पत्रकाची सवय होती:

"पेढा देल्ला एका हाती, दुसऱ्या हाती फावडं,
तळं पिऊन ढेकर देते, पोट याचं केवढं!"

मग महादेवाचा असा गजर झाला की बैल बिचकले. "पोरीनं म्हटली!" कोणी तरी म्हणालं. "मंग का झालं, बरोबर म्हटली," पुरणाची आठवण करून देणारी काकू ओरडली. त्यानंतर झडत्या थांबेनात. मॅनेजरवर, परवान्यावर, माझ्या उद्गारचिन्हांवर, ओसाकावरसुद्धा. एकानं विचारलं की त्या जपानच्या राणीनं तोरण काऊन नाई बांधलं.

ऊन उतरलं. बैलांना घरी न्यायचं होतं, दारोदारी पूजा व्हायची होती, पुरणपोळी वाट पाहत होती. तोरण तुटल्याशिवाय बैल हलणार नाहीत, आणि तुटलं की यंत्राला वाट मोकळी. सगळ्यांची नजर मोठे बाबांवर. ते चरीच्या काठावर उकिडवे बसले आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"कोणत्या गावचा गा तू?"

त्यानं सांगितलं. हिंगणघाटकडचं गाव.

"बाप हाय? बैल हाय घरी?"

"हाय. जोडी हाय."

"मंग तिकडं कोण उभं हाय तोरणाखाली?"

मॅनेजर म्हणाला, "त्याले कायले विचारता, मले विचारा." मोठे बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तू आखराच्या बाहेर, रस्त्यावर गेला का मी तोरण तोडतो. तवरोक नाई. रात झाली तरी नाई. माहे बैल उपाशी राह्यतीन, तं तेही राह्यतीन."

मला माहीत होतं की आवतन दिलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवणं मोठे बाबांना यंत्रासमोर उभं करण्यापेक्षाही जड जाणार. ते उठून जोडीजवळ गेले आणि बैलाच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हरनं तो हात पाहिला असेल, किंवा घर आठवलं असेल. मला माहीत नाही आणि मी त्याच्यावर कविता करणार नाही. त्यानं यंत्र मागं घेतलं. मॅनेजर त्याच्या बाजूनं धावत राहिला, नोकरी जाईल म्हणून ओरडत. जेसीबी आखर ओलांडून, बुजवलेल्या चरीवरून रस्त्याला लागला.

मोठे बाबांनी तरीही तोरण तोडलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, "जाय, फावडे आण. बाहेरची चर खोदाले लागा पहिले. बैल घरी जातीन तेवढी वाट ठेवजो, बाकी खोदा."

पोरं नव्या कपड्यांनी मातीत उतरली, सरपंचबाईही. माती सकाळीच दाबलेली, फावडं उलटून येत होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंनी चर गुडघ्याएवढी झाली तेव्हा मोठे बाबांनी जोडी पुढं घातली. दोर तुटला. बैल चिंचोळ्या वाटेनं एकेक करून गेले, आणि शेवटचा गेल्याबरोबर आम्ही तीही वाट खोदायला घेतली.