अर्लिसने हृदय हळू केलं

अर्लिस हाउगेन शाळेची बस चालवते आणि दर नोव्हेंबरात एकटी हरणाच्या शिकारीला जाते. यंदा मचाणाची शिडी चढताना तिच्या छातीत दुखलं. झाडाला कवटाळून ती थांबली, मग खाली उतरली. सांगितलं फक्त मेरिटला. मेरिट तिच्या शेजारची, साहित्य शिकून नुकतीच गावी परतलेली.

दवाखान्यात आधी अर्लिसला सरकत्या पट्ट्यावर चालवलं. हृदय जोरात धावायला हवं होतं. ती तरण्या पोरीसारखी चालली, पण हृदयाच्या आलेखातली रेघ संशयास्पद निघाली.

"बायकांच्या बाबतीत ही रेघ कधीकधी फसवते," पेल्टोला नावाची डॉक्टर म्हणाली. "मनगटातून हृदयापर्यंत नळी घालण्याआधी स्कॅन करू. रक्तवाहिन्या तुंबल्या असतील तर बस चालवणं बंद."

स्कॅनचं सगळं उलटं. तिथे हृदय हळू हवं, नाहीतर चित्र पुसट येतं. औषध देऊन तास झाला तरी ठोक्यांचा आकडा उतरेना.

"घाबरू नका, बाई," तंत्रज्ञ ड्वेन माइकवरून म्हणाला.

"घाबरतंय कोण? तुझा आवाजच भेसूर आहे."

मेरिट काचेअलीकडे ड्वेनपाशी उभी होती. पलीकडे अर्लिसने डोळे मिटले. जबडा सैल सोडला. आकडा उतरू लागला. ऐंशी. बहात्तर. एकसष्ट.

ड्वेन खुर्चीत पुढे सरकला. "ही करतेय काय?"

"हरणावर नेम धरतेय," मेरिट म्हणाली. हरीण दिसलं की छाती धडधडते, हात हलतो. म्हणून अर्लिस आधी छाती शांत करते. मेरिटने हे आजवर नुसतं ऐकलं होतं.

ड्वेनने श्वास रोखायला सांगितलं. अर्लिसने नेम धरतानाच्या सवयीने अर्धा श्वास सोडला आणि रोखला.

"अहो, सोडू नका, आत घ्या! हरीण नाहीये इथे!"

पुढच्या खेपेला तिने नीट घेतला.

दुपारी डॉक्टरने चित्र दाखवलं. "रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत. दुखणं दुसरीकडचं आहे, शोधू."

"मग सोमवारी बस?"

"बस चालेल. कारण कळेपर्यंत मचाण नाही."

"वा! पोरांचा कल्ला चालेल, झाडावरची शांतता नाही."

मेरिटचं लक्ष पडद्यावर होतं. एका माणसाचं हृदय, त्यावर बारीक फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, एकेक स्पष्ट. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात टिपलेलं. आणि तो क्षण अर्लिसने स्वतः पडल्या पडल्या लांबवला होता.

"चल गं, भूक लागलीय," अर्लिस कोट चढवत म्हणाली.

मेरिटला त्या चित्रासमोरून उठवेना.