अडलेला कौल

मी देवभोळा कमी आणि चालढकल्या जास्त, हे आधीच कबूल करतो. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. तिथे वरच्या साहेबाची सही झाल्याशिवाय मी एक बोल्टसुद्धा पास करत नाही, आणि घरी देवीच्या कौलाशिवाय माझं पान हलत नसे. निघोज्याच्या पुढे आमच्या गावी देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि मनातला प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोअरवेलची जागा, बहिणीचं स्थळ, मोटारसायकलचा रंग, सगळं मी असंच ठरवलं. माझी बायको चिंचवडची, शाळेत विज्ञान शिकवते. लग्नाआधी तिच्यासाठीही कौल लावला होता हे तिला नंतर कळलं, आणि "डावा पडला असता तर?" हा प्रश्न तिने तेव्हापासून जपून ठेवला आहे.

आमची स्वरा अकरा महिन्यांची असतानाची गोष्ट. दोन दिवस तिला सणकून ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उजवा पाय गुडघ्यात वाकवून बाहेरच्या अंगाला जो टाकला, तो हलवीना. हात लावला की किंचाळायची. आई म्हणाली, "दिष्ट लागलीय, नायतर पाय लचाकला आसंल," आणि तिने तेल लावून पाय थोडा चोळला. बायको म्हणाली, दवाखाना. त्यावरून घरात दिवसभर वाद झाला. मी दोघींच्या मधे उभा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझा नेहमीचा मार्ग काढला: देवीला विचारू. बायकोने हॉस्पिटलची पिशवी भरली, पोरीला उचललं आणि माझ्या मागे मोटारसायकलवर बसली. त्या पिशवीचा अर्थ मला कळायला हवा होता.

गुरवांनी पाकळ्या लावल्या. मी हात जोडून विचारलं, "दवाखान्यात नेऊ का?" आज हा प्रश्न लिहितानाही लाज वाटते. पाकळ्या काही पडेनात. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. वाऱ्याने लबाडी होऊ नये म्हणून गुरवांनी पंखा बंद केलेला, त्यामुळे घामाने मी निथळत होतो आणि देवीच्या अंगावरच्या पाकळ्या मात्र डिंकाने चिकटवल्यासारख्या बसल्या होत्या. "अहो, तिचं अंग भाजतंय," बायको म्हणाली. मी म्हणालो, "पाचच मिनिटं." माझ्या मागे रांगेत कंपनीचा युनिफॉर्म घातलेला चाळिशीचा एक माणूस उभा होता. त्याला शिफ्ट गाठायची असावी, कारण तो दर मिनिटाला घड्याळ बघून सुस्कारा सोडत होता. मला त्याचा रागच आला होता.

बायको कट्ट्यावर पोरीचं लंगोट बदलायला लागली. पाय जरा हलला आणि स्वराने असा टाहो फोडला की गुरवसुद्धा बाहेर आले. तो रांगेतला माणूस पुढे झाला.

"कवापास्नं पाय आसा धरलाय?"

"कालपासून," बायको म्हणाली.

"चोळला का?"

"आईनं. थोडा."

"माझाबी चोळला हुता. पंधरा दिस." एवढं बोलून तो समोरच्या खांबापर्यंत चालत गेला आणि परत आला. प्रत्येक पावलाला त्याचं सगळं अंग एका बाजूला खचत होतं. डाव्या बुटाचा तळ चांगला चार बोटं जाड होता. "देवीला काय इचारताय? मला इचारा की! उचला पोरगी."

त्या दिवशी मी जागचा हललो तो तेव्हा पहिल्यांदा. मोटारसायकलवर पोरीच्या पायाला हिसके बसतील म्हणून त्या माणसाने रस्त्यात आडवं उभं राहून एक भाजीचा टेम्पो थांबवला, आम्हाला कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसवलं आणि स्वतः शिफ्टला निघून गेला. नावसुद्धा विचारायचं राहिलं.

चिंचवडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, खुब्याच्या सांध्यात पू झालाय, आत्ताच काढावा लागेल. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, पुढे कितीतरी दिवस इंजेक्शनं. सांधा वाचला. पण हाड जिथून वाढतं तिथे थोडी इजा झाली होती, म्हणून ती पुरती मोठी होईपर्यंत दरवर्षी एक्स-रे काढून बघत राहायचं, असं त्यांनी समजावलं. आज स्वरा सहा वर्षांची आहे. उजवा पाय बोटभर आखूड आहे, त्या सँडलला आतून उंची दिलेली असते. त्या बोटभरात घरातल्या वादाचा एक दिवस किती आणि माझा देवळातला पाऊण तास किती, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

त्याऐवजी मी गोष्ट सांगत सुटलो. साक्षात देवी युनिफॉर्म घालून आली होती, असं मी कँटीनमध्ये, लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्येही सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्या गोष्टीत गाभाऱ्यातून सुगंधही यायला लागला. बायको म्हणायची, "कोथिंबिरीचा असेल."

आणि गेल्या वर्षी चाकणला वडापावच्या गाडीवर मला देवी दिसली. जादा चटणीसाठी गाडीवाल्याशी तावातावाने भांडत होती. मी धावत जाऊन पायच धरले. बिचाऱ्याच्या हातातला गरम वडा माझ्या मानेवर पडला.

ओळख पटली. आता त्याच्या हातात काठी होती. खुबा पार झिजला होता, डॉक्टर कधीपासून सांधा बदला म्हणत होते. "त्या दिशी त्येच तर इचाराय आलतो, आपरेशन करू का म्हणून," तो म्हणाला. "माझा नंबर तुमच्या मागं. तुमचा कौल काय सुटंना, मग मी गेलो निघून. म्हणलं, देवीनं नंबरच लागू दिला न्हाई, म्हंजी नकारच हाय." मला हसू आलं आणि लगेच ते मी आवरलं. माझ्या पोरीला वाचवून हा भला माणूस चार वर्षं दुखण्याच्या गोळ्या खात बसला होता.

मी म्हटलं, आत्ता चला चिंचवडला. तो म्हणाला, आधी कौल. चार वर्षांत मी कौल लावला नव्हता, पण याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? रविवारी आम्ही सगळे देवळात. पाकळ्या लावल्या, पंखा बंद झाला, आणि पुन्हा काही पडेना. बायकोने माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची आहे.

स्वरा कंटाळली. तिने त्याच्या बुटाकडे बोट दाखवलं. "काका, तुमचापण उंचवाला? माझा बघा." आपली सँडल तिने त्याच्या बुटाला खेटून ठेवली, उंची जोखली आणि म्हणाली, "तुमचा जिंकला." मग खांबापर्यंत धावत गेली, खांबाला शिवली आणि धावत परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तो बघत राहिला. "पळतीय की वो पोरगी," एवढंच तो म्हणाला. डोळे पुसले, काठी टेकून उठला आणि चालू लागला.

आम्ही कमानीपाशी पोचलो तेव्हा मागून गुरव ओरडले, "आवो, पडली! उजवी पडली!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. काठी वर करून म्हणाला, "व्हय व्हय, कळलं!"

ऑपरेशन झालं. आता तो चटणीसाठी दोन्ही पायांवर सरळ उभा राहून भांडतो. देवीला शरण जायचं म्हणजे ती सांगेपर्यंत हात जोडून बसायचं, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी ती गप्प आहे म्हणून मी मनातून रुसलो होतो, आणि तिने तर माझं उत्तर माझ्याच मागे, घड्याळ बघत, उभं केलं होतं. तिचे उपकार माझ्याच्याने फिटणारे नाहीत. आता मी देवळात काही विचारत नाही. डोकं टेकवतो आणि मागे वळून बघतो, रांगेत कोण उभं आहे.