एका टीबीची डिस्क

तेलगावला माझा फोटो स्टुडिओ आहे. एका लग्नाचं शूटिंग पन्नास-साठ जीबी सहज खातं. त्यात आमची निम्मी गिऱ्हाईकं अल्बमचे फोटो न निवडताच ऊसतोडीला निघून जातात आणि थेट सहा महिन्यांनी उगवतात. तोवर त्यांच्या हळदी, वराती मी सांभाळायच्या. कॉम्प्युटर एक टीबीचा, म्हणून बॅकअपची डिस्कही एक टीबीचीच आणली. तेवढ्याला तेवढी पुरेल, असं माझं शहाणपण. बॅकअपमध्ये जुन्या प्रतीही साठत जातात, त्याला दुप्पट तरी जागा लागते, हे मला कोण सांगणार? मी कुणाला विचारलंच नव्हतं.

वर त्या डिस्कचा मी माळा करून टाकला. कॉम्प्युटर भरला की तिथलं पुसायचं. बॅकअपला आहेच की! आईचं नारायणगडावरचं शूटिंग असंच पुसलं. दर्शनाला गेलो तेव्हा नवा कॅमेरा तपासायला म्हणून देवळाच्या पायरीवर बसवून तिला बोलतं केलं होतं, बारा मिनिटं. ते न्यायला कोणी गिऱ्हाईक येणार नव्हतं, म्हणून पहिला नंबर त्याचा लागला.

पुढच्या लग्नसराईत डिस्कही भरली. कॉम्प्युटरवर आता नसलेल्या फाइली काढून जागा करू का, असं स्क्रीनवर आलं. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी ‘हो’ दाबलं.

त्याच वर्षी आई गेली. तेराव्यानंतर सासरी निघताना आक्का, माझी थोरली बहीण, स्टुडिओत आली.

“गडावरलं शूटिंग हाय न्हवं तुझ्याकडं? आईचा आवाज दे माझ्या मोबाईलवर.”

मी डिस्क लावली. सगळ्या तालुक्याच्या नवऱ्या-नवरदेवांत शोधलं. मग झालं ते सांगितलं. आक्का रागावेल असं वाटलं होतं, ती नुसती स्टुलावर बसली. मला रडू यायला हवं होतं, तेही येईना. आत काहीच हलत नव्हतं. डिस्कवर चार जीबी जागा मोकळी दिसत होती. आईचं शूटिंग तीन जीबीचं होतं.

“जाऊ दे,” आक्का म्हणाली, “पर बोलत काय व्हती ती? तेवढं तरी सांग.”

मला एकही वाक्य आठवेना. बारा मिनिटं मी तिच्यासमोर उभा होतो आणि फोकस बघत होतो.