साडेपाच तासांची दुरुस्ती

माझ्या हुशारीचा किस्सा ऐकायचाय ना? मग मंडळी, हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पुढे जमेलच असं नाही.

विंडोज पंच्याण्णव नवी नवी आली होती तेव्हाची गोष्ट. नगरला सावेडीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. चार मशीन, एक पंखा आणि रुबाब तर विचारू नका! कुणी नुसतं 'कॉम्प्युटर' म्हटलं की मी सल्ला देऊन मोकळा.

शेजारी साळवेकाका राहायचे. तार ऑफिसातून रिटायर झालेले. जन्मभर कडकट्ट करूनही हौस फिटली नाही, म्हणून त्यांनी हॅम रेडिओचा परवाना काढला. घरी बसून टीं-टीं करत परदेशातल्या अनोळखी माणसांशी बोलायचं. मग दोघांनी एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायचं, की अमुक तारखेला, अमुक वाजता आपलं बोलणं झालं. दोघांच्या नोंदीतली वेळ जुळली तरच कार्ड पक्कं. शंभर देशांची कार्डं जमली की मोठं सर्टिफिकेट! काकांची नव्व्याण्णव झाली होती.

पण काकांचे डोळे अधू झालेले. त्यांनी कॉम्प्युटरवर एन्टर दाबलं की विंडोजच्या आधीच्या डॉसमधला एक जुना प्रोग्रॅम वेळ आपोआप टाकायचा, आणि पडद्यावरचं बघून कार्डं लिहायच्या काकू. पारनेरकडच्या, शाळा चौथीपर्यंत. नवऱ्यासाठी म्हातारपणी इंग्रजी आकडे नि अक्षरं गिरवून गिरवून शिकल्या होत्या.

"मास्तर, शंभरावं कार्ड आलं की पेढं मी वाटनार," मला म्हणायच्या. "निम्मं सर्टिफिकेट माझं हाय. यांचं नुसतं कान, लिवनारा हात माझा!"

मी काकांच्या मागे लागलो, की हे डॉस काय वापरताय, विंडोज टाकून देतो.

"चालतंय ते चालू दे की रे," काका म्हणाले.

ऐकतोय कोण? टाकली विंडोज. आणि त्यांचा प्रोग्रॅम चालेना! काळा पडदा यायचा आणि गायब व्हायचा. तीन दिवस झटापट केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुरू झाला, जुन्या नोंदी जशाच्या तशा दिसल्या आणि काकूंनी माझ्यासाठी शिरा टाकला.

शिरा खाऊन मुकाट घरी गेलो असतो तर? पण छे! माझी नजर पडद्यावरच्या घड्याळाकडे गेली. संध्याकाळचे सहा वाजलेले आणि हा पठ्ठ्या दाखवतोय साडेबारा! काका कानाला हेडफोन लावून परदेशात पोचलेले. मी घड्याळ साडेपाच तास पुढे केलं.

"अवो मास्तर, ते पयल्यापासून तसंच मागं हाय," काकू म्हणाल्या. "यांना इचारू का?"

"काकू, कॉम्प्युटर हा विषय कुणाचा? तुमचा का माझा?"

"तुमचाच की."

"मग!"

पुढच्याच आठवड्यात काकांना पॅसिफिकमधलं एक बेट लागलं. शंभरावा देश! काकूंनी जीव ओतून कार्ड लिहिलं. काही महिन्यांनी ते परत आलं. वर शेरा, 'या वेळी आमच्याकडे तुमची नोंद नाही.' मग बाकीचीही येऊ लागली, सगळ्यांवर तेच.

काकू खचल्या. "माझाच आकडा चुकला आसंल. यांचं शंभरावं मी घालवलं." पडद्यावरचा एकेक आकडा बोट ठेवून वाचायच्या, पुन्हा लिहायच्या, पुन्हा परत यायचं. आणि मी काय केलं माहितीये? त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं!

त्या बिचाऱ्या तपासूनही आल्या.

त्याच थंडीत काकू गेल्या. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

महिन्याभरानं काका म्हणाले, "कार्डं पडलीत, लिहिशील का?" मी बसलो. समोर दुपारचीच नोंद होती.

"सव्वाचारला बोललो मी," काका म्हणाले. "म्हणजे पावणेअकरा लिही."

"पण पडद्यावर सव्वाचारच आहेत, काका."

काका हळू आवाजात म्हणाले, "अरे, जगभर आम्ही सगळे ग्रीनिचची वेळ लिहितो. म्हणून तर घड्याळ साडेपाच तास मागं ठेवलं होतं. कुणी हलवलं?"

कसंबसं सांगितलं. वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

"वेळ एकदा वाचून दाखव, एवढंच तिला म्हणायला हवं होतं," काका म्हणाले. "पण तिला वाटलं असतं, मी चुका काढतोय. म्हणून नाही म्हणालो."

मी सगळी कार्डं साडेपाच तास वजा करून पुन्हा लिहिली. बेटावरून उत्तर आलं. शंभर पूर्ण! मी पेढे घेऊन गेलो. काकांनी एक पेढा काकूंच्या फोटोपुढं ठेवला आणि म्हणाले, "सांग तिला."

"काकू," मी म्हटलं, "तुमचा एकही आकडा चुकला नव्हता." रडू आलं मला.

"मी एकदा तिला म्हटलं होतं, मशीनमध्ये काही बिघडलं असेल," काका म्हणाले. "तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, मास्तरांनी लावून दिलंय, त्यात चूक न्हाई व्हायची."

आजही माझ्या क्लासात भिंतीवर एक घड्याळ आहे, साडेपाच तास मागे. नवीन पोरं म्हणतात, "सर, घड्याळ बिघडलंय, दुरुस्त करू का?"

मी म्हणतो, "त्याला हात लावू नका रे. ते बरोबर आहे. बिघडलेला मास्तर त्याच्या खाली बसलाय."