पुस्तकांची फडी

शाळेच्या लायब्ररीतली चारशे बारा पुस्तकं मी पहिल्या दिवशी उन्हात वाळवली, दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर पाणी शिंपडलं, अन् तिसऱ्या दिवशी माझ्या पोरीची नोकरी गेली.

यात माझी चूक किती, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. (म्हणजे बायको, पोरगी, जावई अन् शेजारचे सगळे एका बाजूला, अन् मी एका बाजूला.)

मी शिकलो तिसरीपर्यंत. पण अडाणी म्हणायचं काम नाही! पोंभुर्ण्याकडच्या जंगलात वीस वर्षं मी तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, फडीवर मुन्शी होतो. फडी म्हणजे जिथं लोक तोडलेली पानं आणून देतात ते मैदान. तिथं पुड्यांच्या रांगा लावायच्या, उन्हात उलटूनपालटून वाळवायच्या, पानं कडक झाली की वरून पाण्याचा हलका शिपका मारायचा, अन् नरम पडली की दाबून बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरायची. माझ्या हातचा एक बोद कधी परत आला नाही. ठेकेदार म्हणायचा, "दौलतभाऊ, तुमच्या फडीवर आलं की डोळे झाकून माल उचलतो मी." अशा माणसाला कपाटभर पुस्तकं सांभाळता येणार नाहीत?

पोरगी वनिता मात्र खरंच शिकली. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वरून नागपूरला जाऊन लायब्ररीचा कोर्स केला. एकोणीसशे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास आमच्याच गावच्या हायस्कुलात तिला लायब्ररीयन म्हणून घेतलं, पण टेंपररी. घरापासून शाळा पाचशे पावलं. सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन जायची, दुपारी घरी जेवायला यायची. पोरगी आयुष्यभर अशीच डोळ्यासमोर राहावी, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठी तिनं परमनंट होणं भाग होतं, अन् ते होतं हेडमास्तरच्या हातात.

त्या वर्षी आमच्या अन् शेजारच्या जिल्ह्यातल्या मिळून सात शाळांच्या लायब्ररीवाल्यांनी एक टूम काढली होती. सुट्टीत एकेका शाळेत जमायचं, आपापली पुस्तकांची पेटी आणून एकमेकांना वाचायला द्यायची, अन् पोरांना वाचायला लावायला कोण काय करतो ते सांगायचं. (खरा लायब्ररीयन त्यांच्यात एखाददुसराच. बाकी चित्रकलेचे नाही तर पीटीचे मास्तर, गळ्यात कपाट पडलेले.) दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावाची पाळी आली. हेडमास्तर वनिताला म्हणाले, "शनिवारी सगळ्यांसमोर लायब्ररी चांगली दिसली, तर मी वर परमनंटचं लिहून देतो."

बुधवारी वनिता आमच्या शाळेच्या वाट्याची पुस्तकांची पेटी आणायला दोन दिवसांसाठी चंद्रपूरला निघाली. शाळेचा शिपाई सुट्टीवर, म्हणून कपाटाची चावी मी मागून घेतली.

"बाबा, चावी फक्त सांभाळा. कपाटाले हात लावू नका."

"मी काऊन हात लावू? मले का दुसरे कामं नाईत?"

"तुमाले कामं नाईत म्हणूनच सांगून राह्यली मी," असं म्हणून ती गेली.

गुरुवारी सकाळी मी कपाट उघडलं. हात लावायला नाही, फक्त पाहायला! पण दार उघडल्याबरोबर असा कुबट वास आला की दोन पावलं मागं झालो. पावसाळ्याची ओल सगळी पुस्तकांत मुरलेली. पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी. अन् पोरीनं काय करून ठेवलेलं? मोठ्या पुस्तकाशेजारी लहान, लहानाशेजारी जाड! प्रत्येकाच्या पाठीवर लाल शाईनं नंबर लिहून कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. मनात म्हटलं, दौलत, शनिवारी सात शाळांचे मास्तर हे पाहतील, अन् पोरीची नोकरी या बुरशीत जाईल.

मी सगळी पुस्तकं शाळेच्या मैदानात नेली. मोठी एका रांगेत, मधली दुसऱ्या, बारीक तिसऱ्या. लायनी अशा सरळ की दोरी लावून पाहावी! ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. दर तासाला एकेक करून सगळी पुस्तकं पालथी करत गेलो. बारा वाजता बायको सगुणा डबा घेऊन आली अन् मैदानाच्या काठावरच थबकली.

"अवो, हे काय मांडलं?"

"बुरशी मारून राह्यलो."

"पोरीनं हात लावू नका म्हणलं होतं ना?"

"कपाटाले नको म्हणे. हे का कपाट होय?"

डबा ठेवून ती निघून गेली. मी जेवलो अन् कडुलिंबाखाली जरा डोळा लावला. (फडीवर वीस वर्षं दुपारी झोपलो नाही. ती झोप नेमकी त्या दिवशी यायची होती!) जाग आली तेव्हा मैदानात सोळा-सतरा बकऱ्या. वनितानं चिठ्ठ्या कणकेच्या खळीनं चिकटवल्या होत्या, अन् बकऱ्या एकेक पुस्तक हुंगून, पाठीवरची चिठ्ठी जिभेनं सोलून, मजेत चघळत होत्या. पुस्तकाला एकीनं तोंड लावलं नाही, नुसत्या चिठ्ठ्या! तीन महिने खपून लिहिलेले नंबर दीड तासात साफ! मी काठी घेऊन धावलो. बकऱ्या पळाल्या, अन् शेवटची जाताना तोंडात चिठ्ठी घेऊनच गेली.

मला वाटलं, जाऊ द्या. चिठ्ठ्या गेल्या, माल तर शाबूत आहे.

शुक्रवारी पाहतो तर पुठ्ठे पापडासारखे वर वळलेले. कागद इतका कडक की उघडला की कडकड वाजे. आता वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस अशा वेळी काय करील? बादली भरली, कडुलिंबाचा डहाळा बुडवला अन् रांगेनं शिपका मारत निघालो. सगुणा पुन्हा आली.

"वनिताच्या बापा, पुस्तकावर कोणी पाणी मारते का?"

"कागद कायचा होते? बांबूचा. बांबू कुठी होते? जंगलात. जंगलाचं मले नको शिकवू!"

"मी आता काहीच नाई बोलत. पोरगी आली की तिलेच सांगा हे जंगल."

पुठ्ठे नरम पडले. मला इतका आनंद झाला! लगेच आकारानुसार गठ्ठे बांधले, सुतळीनं आवळले, अन् दोन बोद भरले. बोद भरताना पायानं दाबावं लागतं. मी चपला काढून दाबले. पुस्तक म्हणजे विद्या, एवढं कळतं मला.

संध्याकाळी वनिता पेटी घेऊन आली. सोबत एटापल्लीच्या शाळेतल्या लायब्ररीच्या बाई होत्या. दोन बसा बदलून आल्या होत्या, मुक्काम आमच्याकडेच. वनितानं आल्या आल्या चावी मागितली.

"सकाळी देतो. लायब्ररी तयार आहे," मी म्हणालो.

"तयार म्हणजे?"

"उद्या पाहशीनच. जेव आता."

बाई हसून म्हणाल्या, "दौलतभाऊ, तुमचा लायब्ररीत लय जीव दिसते जी!"

माझी छाती फुगली. सगुणानं भाकरी अशी थापली की परात हलली.

शनिवारी सकाळी बाकीच्या सहा शाळांचे सहा जण, हेडमास्तर, वनिता अन् मी असे लायब्ररीच्या दारात उभे. घुग्घुसचे सर खांद्याला टेपरेकॉर्डर लावून आले होते. कोळशाच्या धुळीनं मशीन काळंठिक्कर पडलं होतं, पण चालत होतं झकास. ते सांगत होते, "आमच्या पोरांचे बाप खाणीत शिफ्टले असतात, रात्री गोष्ट कोण सांगंन? मी कॅसेटमधी गोष्टी भरून घरी देतो. आज वनिताताईचं बोलणं भरून घेतो, सगळ्या शाळांले वाटू." अन् त्यांनी लाल बटण दाबलं.

मी कुलूप उघडलं. कपाट रिकामं. खोलीच्या मधोमध दोन बोद, तोंडं शिवलेली.

"पुस्तकं कुठी आहेत?" हेडमास्तरांनी विचारलं.

"हे काय," मी म्हणालो, अन् सुरीनं पहिल्या बोदाची शिवण कापली. आतून वाफ आली. खोटं नाही सांगत, चहाच्या भांड्यातून येते तशी वाफ! ओला माल रात्रभर दाबून ठेवला की आतून तापतो, हे फडीवरच्या कोणत्याही मजुराला ठाऊक. पाणी मारल्यावर किती वेळ सुकू द्यायचं, ते घाईत माझ्या ध्यानातून गेलं होतं. गठ्ठा बाहेर काढला तर बारा पुस्तकांचं एकच पुस्तक झालेलं.

मग मीच बोललो. कसं वाळवलं, कसं पालथं केलं, शिपका कसा मारला, सगळं क्रमानं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "अहो, पण पुस्तकं खराब झाली ना!"

"पद्धत बरोबर होती जी," मी म्हणालो, "पुस्तकंच कच्चे होते."

वनिता माझ्याकडे पाहायलाच तयार नाही. तिनं पदर खोचला, जमिनीवर बसली अन् एकेक कागद हलक्या हातानं सोडवायला लागली. बाकीचे सहाही जण तिच्याभोवती बसले. कार्यक्रम बोलायचा होता, तो कागद सोडवता सोडवताच झाला. एटापल्लीच्या बाई सांगत होत्या, त्यांच्याकडे पोरं आपल्या आजीच्या गोंडीतल्या गोष्टी वहीत उतरवतात, वह्या शिवून कपाटात ठेवतात, अन् बाकीची पोरं त्याच आधी मागतात. वनिता एकेक पुस्तक हातात घ्यायची अन् चिठ्ठी नसतानाही त्याचा नंबर तोंडानं सांगायची. चारशे बारापैकी एकाचाही चुकला नाही. मी दारात उभा राहून पाहत होतो. मग खाली वाकून कापलेल्या सुतळ्या गोळा करायला लागलो. (सुतळी चांगली होती.)

दुपारी हेडमास्तरांनी कागद पुढं घेतला.

"वर विचारतील मले. कपाट कोणाच्या ताब्यात होतं?"

मी तोंड उघडलंच होतं, पण वनिता आधी बोलली.

"माझ्या."

"चावी तर तुझ्या वडलांकडे..."

"मीच दिली. जिम्मेदारी माझी, सर."

हेडमास्तरांनी तेवढंच लिहून घेतलं. परमनंटचं लिहिलं नाही. दिवाळीनंतर टेंपररीही नाही, हे तिथंच सांगून टाकलं.

एटापल्लीच्या बाईंची बदली होणार होती. त्या दिवशी पाठ नंबर ऐकले होते त्यांनी. आपल्या जागेसाठी त्यांनी वनिताचं नाव सुचवलं. जागा मिळाली. पाचशे पावलांवरची पोरगी दोन बसांवर गेली, अन् बस चुकली तर दोन दिवसांवर! सगुणा पुढचा महिनाभर माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली. मी सकाळी सवयीनं तीन कप चहा मांडायचो अन् दोन कप मीच प्यायचो. 

दोन वर्षांनी, जून महिन्यात, हिंमत करून एटापल्लीला गेलो. शाळा भरलेली. वनिता वऱ्हांड्यातच भेटली, पाया पडली, म्हणाली, "बाबा, इथीच बसा, तास चालू आहे." आतून एका माणसाचा आवाज येत होता, मोठा ठासून बोलत होता. ऐकलेला वाटला. जरा वेळानं कळलं की मीच बोलतोय! घुग्घुसच्या सरांनी ते बटण बंदच केलं नव्हतं. वनिताचं बोलणं त्या दिवशी झालंच नाही, भरला गेलो तो मी. अन् ठरल्याप्रमाणे कॅसेट सातही शाळांना वाटली गेली.

"पुस्तकंच कच्चे होते," मशीनमधला मी म्हणालो, अन् पन्नास पोरं एकदम हसली. "कच्चेच होते ते!" मी वऱ्हांड्यातून बोलून गेलो. एकानं खिडकीतून मला पाहिलं, माझा आवाज ओळखला अन् ओरडला, "बाई, पाणी मारणारे आजोबा आले!"

वनिता हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा, माझ्याकडे पाहून. म्हणाली, "दर जूनमधी पहिल्या तासाले हेच लावतो बाबा आमी. पुस्तक कसं नाई सांभाळायचं, याच्यावर दुसरं इतकं चांगलं काही सापडलं नाई."

वनिता शिकली, जावई शिकला, आता नातवंडंही शिकून राह्यली. पण सात-सात शाळांत शिकवला जातो असा आमच्या घराण्यात मी एकटाच, तोही तिसरी पास!