न मोजलेली भोकं

आमच्या आरोंद्याच्या त्या दीडशहाण्याला विदर्भातल्या कोळशाच्या खाणीत नेला तो मीच. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. मी तिथे सुरुंग भरायचं काम करायचो. साहेबांच्या हातापाया पडून त्याला ड्रिल मशीनवर लावला. परमुलखात मालवणीत बोलायला कुणीतरी हवं होतं ना मला. मूर्ख मी.

उघड्या खाणीत आधी वरचा खडक फोडून बाजूला करायचा, मग खालचा कोळसा काढायचा. खडकाला भोकं तो पाडायचा, त्यांत सुरुंगाची दारू मी भरायचो. भरण्याआधी प्रत्येक भोकात टेप सोडून खोली मोजायची, असा नियम होता. बाकीच्यांची भोकं मी मोजायचोच. हा म्हणायचा, "पुरी खोल आसत रे. माझ्यार इस्वास नाय तुजो?" मग गाववाल्यासमोर टेप काढायची लाज वाटायची.

एका शनिवारी त्याला लवकर सुटायचं होतं. मागची अख्खी रांग त्याने पुरुषभर उथळ सोडली. भोंगा झाला, बार उडाला. धूळ बसल्यावर बघतो तर वरचा खडक फुटलेला आणि बुंध्याचा जसाच्या तसा. तो खडक उपसताना खोदाईच्या मशीनच्या बादलीचे दात मोडले, आणि कोळसा दोन दिवस हाती लागला नाही. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

चौकशीत साहेबांपुढे तो शुद्ध मराठीत म्हणाला, "भोकं उथळ आहेत हे मी यांना सांगितलं होतं. यांनी मोजलीच नाहीत." पहिलं वाक्य धडधडीत खोटं, पण दुसरं खरं होतं, आणि तेवढंच साहेबांनी धरलं. माझं काम गेलं. केसाने गळा कापला मेल्याने. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं फिरतं.

गावी एसटीतून उतरलो तो तडक त्याच्या आईकडे गेलो. मुलाची करणी तिच्या कानावर घालायचीच, असं वाटभर घोकत होतो. ती अंगणात सुके बांगडे उलटत होती. मला बघून उठली नाही.

"किती माणसां मारलंस रे?" तिने विचारलं. "झिलान कागद धाडल्यान."

"कोणच मरूक नाय, काकी."

"मगे घराक कित्याक धाडल्यानी तुका?"

मी सगळं सांगितलं, भोकांचं, टेपचं, त्याच्या घाईचं. तिने ऐकून घेतलं.

"मगे तू मोजूक नाय कित्याक?"

तुमच्या झिलावर विश्वास ठेवला म्हणून, हे त्याच्या आईला तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना. पिशवी उचलली आणि घरी गेलो. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं होतं, की मी माणसं मारून आलोय.