सखुअक्काच्या नावासमोरचा अंगठा

"तुझ्या आईचाच मार ना सगळीकडे. अंगठे काय, सारखेच दिसतात."

विभागप्रमुख सर हे बोलले आणि समितीतले दोघे हसले. मी उभी होते. समोर खुर्ची रिकामी होती, पण बस असं कोणी म्हटलं नाही. सरांनी टेबलावरचं स्टॅम्पपॅड माझ्याकडे सरकवलं. जांभळं.

मी जळगावला बी.ए. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला. इतिहास. लघुप्रबंधाचा विषय, भडगावकडच्या एका कापसाच्या जिनिंग मिलमधल्या बायका. अकरा जणी. त्यात माझी आई. ढिगात बसून किडका कापूस निवडायच्या. एके दिवशी मुकादमाने बोनसचं सांगून कोऱ्या कागदांवर त्यांचे अंगठे घेतले. नंतर त्यावर लिहिलं, राजीखुशीने काम सोडतो. दुसऱ्या दिवशी फाटक बंद. जिनिंगच्या कागदांत राजीखुशीने सोडलं एवढंच आहे. खरं काय झालं ते फक्त या बायकांच्या तोंडी आहे.

कॉलेज लघुप्रबंधाला अनुदान देतं. ते मिळालं तरच प्रबंध छापून विद्यापीठात जातो, नावानिशी. नाहीतर विभागाच्या कपाटात. अट अशी की मुलाखत देणाऱ्या प्रत्येकीची संमतीपत्रावर सही हवी, नाहीतर अंगठा.

मी फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी सखुअक्का म्हणाली, "अंगठा देवाव नही. नाव लिख. बठ्ठासना नाव लिख."

अकराही जणींचं तेच: सगळ्यांची नावं लिही, बोलायला तयार, रेकॉर्डिंगला तयार. अंगठ्याला नाही. हेच मी समितीला सांगितलं, आणि त्यावर सर ते आईच्या अंगठ्याचं बोलले.

आता लाज वाटते ते सांगते. मी "हो सर" म्हणाले. पॅड पर्समध्ये घातलं. लायब्ररीच्या मागच्या पायरीवर बसून पहिल्या फॉर्मवर माझाच अंगठा उठवला. सखुअक्काच्या नावासमोर. किती सोपं होतं! मुकादमालाही इतकंच सोपं गेलं असेल.

घरी आई जेवायला वाढत होती. माझा जांभळा अंगठा बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"कोठे दिन्हा अंगठा? कागद वाचा का?"

चार वर्षं कॉलेजात गेलेल्या पोरीला ती कागद वाचलास का विचारत होती. मला रडू आवरेना. सरांचा राग नंतर आला, आधी माझाच आला. तो फॉर्म मी तिच्यासमोर फाडला.

सकाळी पॅड सरांच्या टेबलावर परत ठेवलं.

"अंगठे नाहीत सर. नावं आहेत. त्यांचा आवाज आहे."

"मग अनुदान नाही," सर म्हणाले आणि शिपायाला चहा सांगितला.

बोर्डावर यादी लागली. माझं नाव नव्हतं. दाद मागायची तर अर्ज याच समितीकडे करायचा. मी काहीच करू शकले नाही. "आते काय करशी?" आईने विचारलं.

प्रबंध कपाटातच जाणार, हे मला कळतं. तरी लिहिलाय. पहिल्याच पानावर अकरा नावं आहेत. शेवटी एक प्रकरण वाढवलंय. त्यात समितीची खोली आहे, त्या तिघांची नावं आहेत, जांभळं पॅड आहे आणि मी उठवलेला खोटा अंगठाही आहे. मार्क कापा. नापास करा. यातली एकही ओळ मी काढणार नाही.